सर्वांत लहान माप

कमरेला टेप लावला तशी ओनिका बोल्डन हसली. म्हणाली, गुदगुल्या होतात.

अर्लीन मॅब्रीनं टेप सोडला आणि पुन्हा लावला. आपण ओढून धरला असेल असं तिला वाटलं. आकडा तोच आला. बावीस इंच. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बालसुधारगृहात एकोणीस वर्षं धुणं आणि शिवण करून अर्लीनच्या हातांना कमरा पाठ झाल्या होत्या. चौतिसाच्या, तिसाच्या, अलीकडे सव्विसाच्यासुद्धा. बावीस इंची कंबर आजवर या तळघरात उतरली नव्हती.

"आता हात वर कर."

पोरीनं दोन्ही हात सरळ डोक्याच्या वर नेले. पंजे उघडे, बोटं फाकलेली. सकाळी शाळेत पोलिसानं करायला लावले होते तसे.

"तसे नाही गं बाई. विमानासारखे."

मग तिनं विमान केलं. तोंडानं आवाजही काढला. अर्लीननं बाहीचं माप घेतलं, उंचीचं घेतलं. सत्तेचाळीस इंच. दर ऑक्टोबरला काउंटीच्या जत्रेत मोठा पाळणा लागतो, त्याच्या फाटकाशी एक लाकडी विदूषक हात आडवा धरून उभा असतो. त्याच्या हाताखालून जो जाईल त्याला पाळण्यात बसू देत नाहीत. तो हात अठ्ठेचाळीस इंचांवर आहे. म्हणजे ही पोर जत्रेतल्या पाळण्याला लहान होती. कोठडीला पुरेशी मोठी होती.

दारात कॉर्डेल उभा होता. हा इथला पहारेकरी, चौकट भरून उरेल असा धिप्पाड. बेड्या त्यानं खिशात कोंबल्या होत्या. सर्वांत आतल्या खाचेवर आवळल्या तरी त्या तिच्या मनगटावरून ढिल्या बांगडीसारख्या घरंगळत होत्या.

"जिन्यात दोनदा पडल्या, मावशी," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा तिनंच उचलून दिल्या. म्हणते, काका, तुमचं हे पडलं. आता मी काय बोलू?"

"काही बोलू नकोस. पाठ कर तिकडं, पोरीला कपडे बदलायचेत."

"कपडे नंतर बदला. साडेतीनला मोजणी आहे."

"मोजणीला एक पोर कमी भरलं तर कुणाचं बिघडत नाही, उलट बरंच."

ओनिकाच्या डोक्याच्या डाव्या बाजूला बारीक, घट्ट, नीट ओढलेल्या वेण्या होत्या. उजव्या बाजूला नुसता कापूस पिंजल्यासारखा केसांचा ढीग. अर्लीननं कारण विचारलं नाही, पण पोरीनं सांगितलं. आई वेण्या घालत होती. अर्धं डोकं झालं आणि कोंबड्यांच्या कारखान्यातून फोन आला की कुणी तरी आलं नाही, तू दोन तास आधी ये. आई म्हणाली, उरलेलं उद्या. मुलं हसतील म्हणून ओनिका स्वेटरची टोपी डोक्यावर ओढून शाळेत गेली. शाळेचा नियम असा की वर्गात डोक्यावर टोपी चालत नाही. बाईंनी काढायला सांगितली. हिनं काढली नाही. बाईंनी शाळेत नेमलेल्या पोलिसाला बोलावलं. अहो, तिसरीचा वर्ग तो. भिंतीवर कागदाची फुलपाखरं. त्या पोलिसानं मागून टोपी ओढली, सगळा वर्ग हसला, आणि ओनिका बोल्डन, वय वर्षं आठ, त्या पोलिसाच्या अंगठ्याला कडकडून चावली.

"आणि माझा दात तिथंच राहिला," तिनं तोंड उघडून दाखवलं. खालच्या ओळीत एक खिंड होती. "तो हलतच होता. त्यांनी तो पिशवीत घातला आणि पिशवीवर लिहिलं. मला परत देतील का? उशीखाली ठेवायचाय."

कॉर्डेलनं खाली बघितलं. पिशवी त्यानं पाहिली होती. पुरावे ठेवायच्या पारदर्शक पिशवीत एक दुधाचा दात, बाहेर लाल चिठ्ठी, चिठ्ठीवर लिहिलेलं: पुरावा क्रमांक एक, अधिकाऱ्यावर हल्ला.

अर्लीननं पोरीला इस्त्रीच्या टेबलापुढच्या स्टुलावर बसवलं. खणातून कंगवा आणि तेलाची डबी काढली.

"मावशी, मोजणी," कॉर्डेल म्हणाला.

"तुला सांगितलं ना पाठ कर."

त्यानं पाठ केली. मोजणीला पंचवीस मिनिटं उशीर झाला. वहीत त्यानं कारण लिहिलं: कुलूप अडकलं.

शेवटची वेणी चालू असताना प्रूइटसाहेब खाली आले. रेंडल प्रूइट म्हणजे सुधारगृहाचे उपअधीक्षक. माणूस तसा ओरडणारा नव्हता. आईच्या नावानं चर्चला खुर्च्या दिल्या होत्या, ख्रिसमसला कोठडीतल्या पोरांना संत्री वाटायचा. अशा माणसांशी भांडायला फार जड जातं.

"मॅब्रीबाई, उद्या नऊला कोर्ट आहे हिचं. कपडे नीट बसले पाहिजेत. जज्जसाहेबांपुढं बुजगावणं उभं करायचं नाही."

"आठ वर्षांची आहे, साहेब."

"मला माहीत आहे किती वर्षांची आहे. कागद मीच वर पाठवला. राज्याच्या तपासणी केंद्रात एक खाट रिकामी आहे. तीस दिवस राहील, तिथले लोक तपासतील, अहवाल देतील. तिच्याच भल्याचं आहे."

"ते एकशे चाळीस मैलांवर आहे. हिच्या आईकडं गाडी नाही."

"कायदा मी केला नाही."

"कायदा काय म्हणतो? किती वर्षांचं पोर आत घालता येतं?"

प्रूइटसाहेबांनी हा प्रश्न कधी तरी स्वतःला विचारला असावा, कारण उत्तर तयार होतं. "वरची मर्यादा अठरा. खालची लिहिलेली नाही."

"लिहिलेली नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. खाली मोकळं आहे." आणि मग, पोरगी ऐकतेय हे लक्षात आल्यावर, तिच्या डोक्यावरून हात फिरवून, "छान झाल्या हं वेण्या," असं म्हणून ते वर गेले.

खाली मोकळं आहे. या राज्यात मासे धरायच्या परवान्याला वय आहे. सिगारेटला आहे, मोटारीला आहे, मोटारीत पुढच्या सीटवर बसायला आहे. कुत्र्याचं पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडून विकता येत नाही, तसा कलमासकट कायदा आहे. पिल्लासाठी कुणी तरी बसून विचार केला, आकडा लिहिला, सही केली. पोरांची वेळ आली तेव्हा त्या शहाण्यांच्या पेनातली शाई संपली.

अर्लीननं नारिंगी सदरा आणि पँट पिशवीत घातली आणि घरी नेली. तळघरातलं मशीन दोन दिवसांपासून टाके सोडत होतं. शिवाय तिला घरच्या उजेडात काम करायला आवडायचं.

घरामागं तिचा टोमॅटोचा वाफा होता. चाळीस-एक रोपं, काठ्यांना बांधलेली. बांधायला नारिंगी चिंध्या. कोर्टाच्या आधी कपडे आत घेताना खालून, बाह्यांतून, कमरेतून जे कापड निघायचं ते टाकून द्यायला तिचा जीव व्हायचा नाही. जाड कापड, उन्हापावसात वर्षानुवर्षं टिकतं. शेजारचा थॅडियस गँट, शाळेच्या बसवर तीस वर्षं ड्रायव्हर होता तो, दर उन्हाळ्यात कुंपणावर कोपर टेकून एकच विनोद करायचा. त्या संध्याकाळीही केला.

"अर्लीन, तुझ्या टोमॅटोंनी काय गुन्हा केलाय? सगळेच्या सगळे आत घातलेस."

दर वेळी ती म्हणायची, शेजाऱ्याकडं बघून लाल झाले, हाच गुन्हा. आज ती वाफ्याच्या टोकाशी वाकून उभी राहिली होती.

"पाठ धरली का?"

"थॅडियस, इकडं ये."

"काय झालं? कीड?"

"ये म्हणते ना."

तो फाटकातून आला. अर्लीननं कोपऱ्यातल्या जुन्या काठीवरची चिंधी दाखवली. उन्हानं पांढुरकी झालेली, बोटभर रुंद. मग पुढची. दोन बोटं. मग मधल्या ओळीतली, चार बोटं. आणि अलीकडच्या ओळीत, गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या, अजून रंग न उतरलेल्या. तिनं अंगठा आणि करंगळी ताणून त्यातल्या एकीवर ठेवली. पुरी वीत.

"म्हणजे काय?" थॅडियस म्हणाला.

"आधी बोटभर कापावं लागायचं. सोळा-सतरा वर्षांची पोरं. नंतर चौदाची आली, बाराची आली, दहाची आली. कपडा तोच आहे. एकोणीस वर्षांत काउंटीनं मापं बदलली नाहीत. पोरं लहान होत गेली आणि मी कापत गेले. आणि इथं आणून टोमॅटो बांधत बसले."

थॅडियसनं चिंधीला हात लावला नाही. बस चालवत होता तेव्हा यांतली कितीतरी पोरं त्यानं रोज शाळेत सोडली होती. तो म्हणाला, "तू सुरू कशी केलीस ही भानगड? शिवायला सांगितलं होतं का त्यांनी?"

"नाही. मीच."

आणि तिला तो पोरगा आठवला. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. अकरा-बारा वर्षांचा होता. नाव आठवेना, कान आठवले, मोठे कान होते. तेव्हा इतकं लहान पोर आलं की लोक जिन्यात येऊन बघून जायचे. कोर्टात उभा राहिला तर पँट खाली घसरत होती. बेडीतल्या हातांनी ती धरायची की शपथेला हात वर करायचा, हे त्याला कळेना. अर्लीन मागं बसली होती, लाजेनं तिनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून तिनं कोर्टाचे कपडे आत घ्यायला सुरुवात केली. कुणाचीही शोभा होऊ नये म्हणून. पुढं साहेबलोकांना ते इतकं आवडलं की त्याचा नियम झाला.

"त्या पोराचं काय झालं?" थॅडियसनं विचारलं.

अर्लीन काठीला धरून उभी राहिली. एकोणीस वर्षांत हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

"घरी गेला," ती म्हणाली. "जज्जानं त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिला. आणि घरी पाठवला त्याला."

"आणि त्यानंतरची?"

त्यानंतरच्या पोरांच्या पँटी घसरल्या नाहीत. सगळ्यांचे कपडे अंगासरशी बसले. छोट्या मापाचे व्यवस्थित कैदी एकामागून एक उभे राहिले, जज्जानं कागद वाचले, सह्या केल्या, आणि मान वर करायचं त्याला कारणच उरलं नाही.

"पेन्शनला किती राहिलं तुझ्या?" थॅडियस म्हणाला.

"मेमध्ये वीस पुरी होतात."

"मग शहाणी असशील तर टीप मारशील आणि गप्प बसशील."

"हो."

"पण तू कुठं शहाणी आहेस. चल, मी ब्रेड भाजलाय मक्याचा, दोन घास खा आधी."

सकाळी तिनं कपडे कॉर्डेलच्या हातात दिले. धुतलेले, कडक इस्त्रीचे, पँटला सुरीसारखी घडी. कात्री लागलेली नव्हती.

कॉर्डेलनं पँट उघडून धरली. पोरगी तिच्यात उभी-आडवी मावली असती.

"मावशी, हे राहिलं वाटतं."

"काही राहिलं नाही. सर्वांत लहान माप आहे. काउंटीकडं याच्या खाली नाही."

त्यानं तिच्याकडं बघितलं, पँटकडं बघितलं. मग म्हणाला, "नाडी तरी घट्ट बांधतो. पडायला नको."

"बांध. पडायला नकोच. नुसतं दिसू दे."

कोर्टाच्या दिवशी अर्लीन सुई-दोरा घेऊन गाडीत बरोबर जायची, काही उसवलं तर असावं म्हणून. तशी ती गेली. ओनिका मागं जाळीपलीकडं बसली होती, बाह्या मांडीवर गोळा करून. रस्त्यानं आपली शाळा दिसली तेव्हा तिनं बाही हलवून टाटा केला. बाहीतून बोटंसुद्धा बाहेर आली नाहीत.

कोर्टाच्या व्हरांड्यात प्रूइटसाहेब उभे होते. त्यांनी पोरीला येताना बघितलं. पँटचे पाय फरशीवरून झाडूसारखे येत होते.

"हे काय आहे?"

"कपडे, साहेब."

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"नीट बसले पाहिजेत म्हणालात. मापाचे नाहीत, तर बसणार कुठून?"

"मॅब्रीबाई, सुई आहे ना तुमच्याकडं? पाच मिनिटं आहेत. घाला चार टाके."

"नाही."

एकोणीस वर्षांत हा शब्द तिनं या माणसाला पहिल्यांदा ऐकवला. तो मोठ्यानं म्हटला नाही. प्रूइटसाहेबांना बहुतेक नीट ऐकूही आला नसावा, कारण ते कारकुनाच्या टेबलाकडं वळले आणि तिथून कागदांना पिना मारायचं यंत्र घेऊन आले. पोरीसमोर गुडघ्यावर बसले आणि बाही दुमडून त्यावर ते यंत्र धरलं.

ओनिकानं हात मागं ओढला. "टोचेल."

"टोचणार नाही, बाळा. कपड्याला मारतोय."

अर्लीन मध्ये येऊन उभी राहिली. "साहेब, कपडा काउंटीचा आहे. आतलं पोर काउंटीचं नाही. पिन लागून रक्त आलं तर कागदावर काय लिहाल? अधिकाऱ्यानं केलेला हल्ला? पिशवी आहे का तेवढी मोठी?"

कॉर्डेलला खोकला आला. तो भिंतीकडं तोंड करून खोकत राहिला.

प्रूइटसाहेब उठले. चेहरा लाल झाला होता. "नोकरीची फिकीर उरलेली दिसत नाही तुम्हाला," ते हळू आवाजात म्हणाले. मग बाह्यांना त्यांनी हातानंच चार-चार घड्या घातल्या, मनगटाशी दाबून बसवल्या, आणि तेवढ्यात नाव पुकारलं गेलं.

लेडबेटर जज्ज सत्तरीचे होते. एका पोराला साडेतीन मिनिटं देत. उंच टेबलामागं त्यांचा फक्त टकलाचा भाग आणि चष्म्याची वरची कड दिसायची. त्यांनी कागद वाचायला घेतला. मुलगी, कृष्णवर्णीय, अधिकाऱ्यावर हल्ला, इजा, शाळेत वारंवार बेशिस्त. ही 'वारंवार बेशिस्त' म्हणजे दोनदा उशिरा आली आणि एकदा रांगेत गाणं म्हणाली. बचावाला काउंटीनं दिलेली तरुण वकीलबाई होती, तिच्याकडं त्या सकाळी चौदा पोरं होती आणि चौदाही फायली तिच्या काखेतून घसरत होत्या. दुसऱ्या बाकावर ओनिकाची आई बसली होती, कारखान्याच्या रबरी बुटांत, रात्रपाळीवरून थेट आलेली.

"उजवा हात वर कर," जज्ज कागदात बघत म्हणाले.

पोरीनं हात वर केला. पहिली घडी सुटली. दुसरी सुटली. मग सगळी बाही उलगडून तिच्या हाताच्या पलीकडं लोंबायला लागली.

जज्ज थांबले. शपथेचा पहिला शब्द त्यांच्या तोंडात तयार होता. "हात वर कर म्हणालो."

"केलाय."

"दिसत नाही मला."

"आतमध्ये आहे," ओनिका म्हणाली.

लेडबेटर जज्जांनी मान वर केली. टेबलाच्या कडेवरून त्यांना नारिंगी कापडाचं एक टोक तेवढं दिसलं. मग ते उठले. त्या खोलीत कुणी त्यांना मध्येच उठलेलं बघितलं नव्हतं. दोन्ही हात टेबलावर टेकून ते पुढं वाकले आणि त्यांनी खाली बघितलं. खाली एक सदरा होता, गुडघ्यापर्यंत आलेला. सदऱ्याच्या गळ्यातून एक खांदा बाहेर आला होता. वर नव्या घातलेल्या वेण्या, आणि खालच्या ओळीत दात नसलेलं तोंड.



"या मुलीला हे कपडे कुणी दिले?"

प्रूइटसाहेब उभे राहिले. "महाराज, शिवणकामाच्या बाईंकडून आज हलगर्जी..."

"मी दिले," अर्लीन मागून म्हणाली. "हलगर्जी नाही. हे सर्वांत लहान माप आहे. जास्तीचं होतं ते मी दर वेळी कापत आले, म्हणून तुम्हाला कधी दिसलं नाही. आज कापलं नाही."

"बाई, तुम्हाला इथं बोलायचा अधिकार नाही."

"नाही, महाराज. बसते मी."

ती बसली. जज्ज अजून वाकूनच होते. त्यांनी पोरीला विचारलं, "तू कितवीत आहेस?"

"तिसरीत. माझा दात मिळेल का?"

"कसला दात?"

वकीलबाईनं पहिल्यांदाच एक फाइल पुढं केली आणि तिच्यावरची पिशवी दाखवली. जज्जांनी पिशवी हातात घेतली. चष्मा काढून दात बघितला. चिठ्ठी वाचली. पिशवी त्यांनी टेबलावर अशी ठेवली की जणू ती गरम होती.

ओनिका त्या दिवशी घरी गेली. राज्याच्या केंद्रातली खाट रिकामी राहिली. पण खटला बंद झाला नाही. जज्जांनी तो सहा महिने तसाच उघडा ठेवला, आणि पुरावा म्हणून दातही ठेवून घेतला. व्हरांड्यात आईनं पोरीला उचललं तेव्हा तिचा हात आधी केसांवर गेला. "कुणी घातल्या गं या?" ओनिकानं बाही अर्लीनकडं दाखवली. आईनं तिच्याकडं बघितलं, नुसती मान हलवली आणि पोरीचा चेहरा खांद्यात दाबून निघून गेली, कारण दोनला तिची पुढची पाळी होती.

कोर्टानं आणखी एक आदेश काढला होता. तो बाहेर आला तीन आठवड्यांनी, खोक्यातून.

खोकं तळघरात आलं तेव्हा अर्लीनच्या नावावर शिस्तभंगाचं एक पत्र लागलं होतं आणि दुसरं टाइप होत होतं. प्रूइटसाहेबांनी स्वतः खोकं उघडलं. आत नवे कोरे नारिंगी सदरे, पँटी, घडीवर घडी. दहा वर्षांचं माप. आठ वर्षांचं. सहा वर्षांचं.

"घ्या," प्रूइटसाहेब म्हणाले. मनापासून म्हणाले, त्यांच्या डोळ्यांत समाधान होतं. "जज्जसाहेबांचा आदेश आहे, सुधारगृहात मुलांच्या मापाचे कपडे असावेत. तुमचंच म्हणणं मान्य झालं. आता कापायला नको, शिवायला नको. काउंटीचा शिक्का मारून फळीवर लावून टाका."

हे असं असतं. तुम्ही ओरडून सांगता की पोर पिंजऱ्याला लहान आहे, आणि ते खरंच ऐकतात, माना डोलावतात, आणि लहान पिंजरा आणतात.

अर्लीननं सहाच्या मापाची पँट हातात घेतली. कमरेला मऊ इलॅस्टिक होतं. पोरांना स्वतःला वर-खाली करता यावी म्हणून. कुणी तरी विचार केला होता. खोक्यावर कंपनीचा फोन नंबर होता. तिनं तळघरातल्या फोनवरून तो फिरवला.

"तुमच्याकडं सर्वांत लहान माप कुठलं?" तिनं विचारलं.

पलीकडची बाई फार गोड बोलत होती. "तुम्हाला कितीचं हवंय, मॅडम? तुम्ही सांगाल तेवढं लहान करून देतो आम्ही."

शिक्का खणातच राहिला.

महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी सहाला काउंटीचा कारभार बघणाऱ्या पंचांची बैठक असते. कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं, आधी नाव लिहावं लागतं. थॅडियसनं तिला गाडीतून नेलं. वाटेत म्हणाला, "मे महिना काही तू बघत नाहीस."

"मे महिना येतोच. कुणी थांबवलाय त्याला."

बैठकीच्या सुरुवातीला बक्षिसं वाटायची तिथली पद्धत आहे. त्या सोमवारी बकऱ्या पाळणाऱ्या शाळकरी पोरांचा सत्कार होता. एका गोऱ्या, सोनेरी शेंडीच्या पोरीच्या बकरीला राज्यात दुसरा नंबर मिळाला होता. पाच पंचांनी तिच्याशी हात मिळवले, फोटो काढला. मधल्या खुर्चीवरच्या पंचानं, बॉईड स्ट्रिकलँड त्याचं नाव, तिला विचारलं, "किती वर्षांची आहेस गं?" ती म्हणाली, "सात." "अरे वा, एवढीशी आणि एवढी हुशार," तो म्हणाला, आणि सगळी सभा हसली. पोरगी फीत लावून पहिल्या रांगेत आईशेजारी जाऊन बसली.

मग अर्लीनचं नाव पुकारलं. ती पुढं गेली. कागद आणला नव्हता. पिशवीतून तिनं तो सदरा आणि पँट काढली आणि हँगरला लावून समोर धरली. टेबलावरच्या घड्याळात तीन मिनिटं उलटी धावायला लागली.

"हे तुमच्या सुधारगृहात आलंय," ती म्हणाली. "सहा वर्षांचं माप. मी कंपनीला फोन केला. ते म्हणतात, सांगाल तेवढं लहान देऊ. कायदा म्हणतो, खाली मोकळं आहे. मला फक्त एक आकडा हवाय. याच्या खालचं पोर आम्ही आत घालणार नाही, असा एक आकडा. तुम्ही बोला, मी लिहून घेते."

स्ट्रिकलँडनं चष्मा सारखा केला. "मॅब्रीबाई, भावना समजतात आम्हाला. पण वय ठरवणं हा राज्याचा विषय आहे. काउंटीच्या हातात नाही."

"कोठडी काउंटीची. गाडी काउंटीची. कपडा काउंटीचा, शिक्का काउंटीचा. फक्त आकडा राज्याचा?"

"तसं नाही..."

"बरं. आकडा राहू दे. मग एवढं सांगा, हा कपडा कुणाला होईल?"

तिनं हँगर जरा उंच धरला. ती कुणाकडंही वळली नाही, कुणाकडंही बोट दाखवलं नाही. पण पाचही पंच त्या कपड्याच्या मापाकडं बघत होते, आणि मग, एकामागून एक, त्यांचे डोळे पहिल्या रांगेकडं गेले, आणि तिथून घाईनं परत आले. पहिल्या रांगेतल्या आईलाही ते कळलं. तिनं हात पुढं केला आणि सोनेरी शेंडीच्या पोरीला खुर्चीवरून ओढून मांडीवर घेतलं. घट्ट. पोरगी म्हणाली, "आई, फीत चुरगळतेय."

घड्याळ धावत होतं. अर्लीन हँगर धरून उभी होती. हात भरून आला तसा तिनं दुसऱ्या हातात घेतला.

"बाई, वेळ संपली," स्ट्रिकलँड म्हणाला.

"आकडा सांगा, मग जाते."

कारकुनानं दारातल्या शिपायाकडं बघितलं. शिपाई जागचा हलला नाही. तो कॉर्डेलचा भाऊ होता. मागच्या रांगेत थॅडियस गँटनं खुर्ची मागं सारली आणि तोही उठून उभा राहिला, टोपी हातात घेऊन. घड्याळ शून्यावर येऊन वाजत राहिलं, आणि ते बंद करायचं बटण कुठं आहे हे त्या टेबलावर कुणाला सापडेना.